महिपतीनं चाकं रंगवली

एका गावात महिपती नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे अडाणी नव्हे. दहावी झालेला होता, ट्रॅक्टर चालवायचा, पेपर वाचायचा. त्याची अडचण एकच होती. सांगितलेलं तो विसरत नसे. तुम्ही-आम्ही सांगितलेलं ऐकतो, निम्मं सोडून देतो आणि म्हणून आपलं बरं चाललेलं असतं. महिपतीला सोडून देणं जमायचं नाही.

मी त्याचा शेजारी. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, तेव्हा मध्येच 'असं कसं होईल' म्हणून विचारू नका. झालं.

महिपतीची धाकटी बहीण शालन. तिचं लग्न ठरलं, शुक्रवारची तारीख निघाली. वडील, म्हणजे आबा, आदल्या वर्षीच गेले होते. त्यांच्या मागं एक पांढरी गाडी राहिली होती. आबांनी त्या गाडीला हौसेनं अलॉयची चाकं बसवली होती, चंदेरी, नक्षीची. आबा म्हणायचे, माझी शालन सासरी जाईल ती याच गाडीतून. आता त्या चाकांना पोपडे आले होते. निम्मा रंग गेला होता, निम्मा जायच्या बेतात होता.

शालननं भावाला एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "दादा, मला बाकी काही नको. आबांच्या गाडीतून जायचंय. तेवढी चाकं नीट दिसू देत."

तिचे डोळे भरले होते. महिपतीचेही भरले. तो म्हणाला, "ध्यानात राहील."

शेवटी शालन आबांच्याच गाडीतून गेली, हे मी आधीच सांगून टाकतो. उगाच तुमच्या जिवाला घोर नको. पण कधी गेली ते मात्र विचारू नका.

तिठ्यावर लतीफभाईंचं गॅरेज आहे. गाड्यांना रंग द्यायचं काम ते तीस वर्षं करतायत. त्यांनी सांगितलं, चाकं माझ्याकडे आणून टाक, मी करतो. महिपती म्हणाला, आबा घरचं काम घरी करायचे. लतीफभाई आबांना ओळखून होते. त्यांनी हट्ट धरला नाही आणि रंग काढायच्या रिमूव्हरचा एक डबा, एक ब्रश आणि खरवडायची एक पत्री त्याच्या हातात दिली.

सोमवारी महिपतीनं गाडी जॅकवर चढवली, खाली विटांचे थर लावले आणि चारही चाकं काढून अंगणात मांडली. पहिल्या चाकाला रिमूव्हर फासला आणि लगेच खरवडायला बसला. काही निघेना. तासभर खरवडलं. रिमूव्हर निघाला, रंग तिथंच राहिला.

तो तिठ्यावर गेला. लतीफभाई म्हणाले, "घाई नडली बघ. लावायचं आणि वीस मिनिटं हात बांधून बसायचं. रंग फुगतो. चांगला फुगला की मग पत्रीनं खरवडायचा."

महिपती म्हणाला, "ध्यानात राहील." आणि राहिलं.

घरी आला तेव्हा त्याची बायको वैजयंता चुलीपुढं भाकरी करत होती. दारात कासारीण आली. लग्नघर म्हटल्यावर बांगड्या भरायच्याच. वैजयंता उठली आणि जाताजाता नवऱ्याला म्हणाली, तव्यावरच्या भाकरीकडे जरा बघा.

महिपती बघत बसला. भाकरी टम्म फुगली. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हात बांधले. पाच मिनिटांनी धूर निघाला. दहा मिनिटांनी घर धुरानं भरलं. आम्ही शेजारीपाजारी धावत आलो, तर महिपती हात बांधून शांत बसलेला. मी म्हटलं, अरे, जळतंय. तो म्हणाला, अजून आठ मिनिटं आहेत. वीस मिनिटं झाल्यावर त्यानं पत्री घेतली आणि भाकरीचा वरचा पापुद्रा अगदी सफाईनं खरवडून काढला. खाली कोळसा होता. तोही त्यानं खरवडला, मग खाली तवा लागला.

वैजयंता अर्ध्या बांगड्या भरलेला हात घेऊन आत आली. आता तिचं बोलणं सगळं सांगत नाही, लेकरंबाळं ऐकतायत. शेवटी ती म्हणाली, "फुगली की तिथंच उतरवायची. आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायची, म्हणजे मऊ राहते. एवढं कळत नाही?"

महिपती म्हणाला, "ध्यानात राहील."

मंगळवारी त्यानं चारही चाकांना रिमूव्हर लावला. या खेपेला घाई केली नाही. रंग फुगायला लागला, चाकभर फोड आले. लतीफभाईंनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. महिपतीनं फुगलेलं चाक तिथंच उचललं. स्वच्छ फडकं हवं होतं. घरात सगळ्यात स्वच्छ म्हणजे व्याह्यांच्या मानपानासाठी आणलेली चार कोरी उपरणी. एकेका चाकाला एकेक उपरणं गुंडाळलं. दुरड्या दोनच निघाल्या, म्हणून दोन चाकं धान्याच्या पाट्यांत ठेवली. वर झाकण टाकलं आणि तो निवांत जेवला.

बुधवारी सकाळी उपरणी निघेनात. ओढली तर फाटली आणि फाटताना रंगही बरोबर घेऊन गेली. म्हणजे चाकं निम्मीअधिक साफ झाली होती, हे कबूल केलं पाहिजे. लतीफभाई स्वतः बघायला आले. त्यांनी एक उपरणं हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी उरलेला रंग पाणीपेपरनं घासायला शिकवला. महिपतीनं दिवसभर घासलं. घासण्यात त्याला तोड नव्हती. संध्याकाळपर्यंत चारही चाकं स्वच्छ झाली आणि शालन येऊन प्रत्येक चाकावरून हात फिरवून गेली.

निघताना लतीफभाईंनी पुढचं काम समजावलं. उद्या आधी प्रायमर मारायचा, मग चंदेरी. पण टायरला रंग लागता कामा नये. जिथं रंग लागायला नको तिथं चिकटपट्टी लावायची, वर वर्तमानपत्र डकवायचं. हवं तेवढंच उघडं ठेवायचं. चिकटपट्टीची चार मोठी रिळंही दिली.

महिपती म्हणाला, "ध्यानात राहील."

गुरुवारी सकाळी हळद होती. घरात बायकांची ही गर्दी. शालन पाटावर बसली. आबांची बहीण, सोनाआत्या, सगळ्या कामांवर नजर ठेवून होती. तिनं महिपतीला हाक मारली आणि सांगितलं, पोरीच्या केसांना आणि डोळ्यांना हळद लागू देऊ नको, मागं एकीचे डोळे आठवडाभर चुरचुरत होते. एवढं बोलून ती सुवासिनींना बोलवायला आत गेली.

महिपती कामाला लागला. केसांवर आधी रविवारची पुरवणी, मग पट्टी. डोळ्यांवर घडी घालून छोट्या जाहिरातींचं पान. कानांनाही हळद लागायला नको, असं त्याला वाटलं. मग नाक उरलं, तेवढं श्वासापुरतं सोडलं. शालनचा भावावर विश्वास होता. तिनं आतून विचारलं, दादा, हे कशाला? तो म्हणाला, बोलू नको, कडा सुटतील.

पाच सुवासिनी हळदीची वाटी घेऊन बाहेर आल्या, तर पाटावर वर्तमानपत्र बसलेलं. एक जण वाटी टाकून पळाली. पट्टी सोडवायला अर्धा तास लागला आणि डाव्या भुवईचा शेपटाकडचा भाग पट्टीबरोबर गेला. तो नंतर काजळानं काढला.

सोनाआत्या चिडली की हळू आवाजात बोलते, ते जास्त वाईट. ती म्हणाली, "हे एकट्यादुकट्यानं करायचं काम आहे का? पाच सुवासिनी लागतात. आंब्याच्या पानानं लावायचं असतं. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. आणि गाणी म्हणत. समजलं?"

महिपती म्हणाला, "ध्यानात राहील."

दुपारी प्रायमरची वेळ झाली. टायरला लावायला पट्टी उरलीच नव्हती, सगळी शालनला लागली होती. महिपतीनं चार पाट मांडले, पाटाभोवती रांगोळी घातली आणि पाटांवर चाकं बसवली. मग जेवून आडव्या झालेल्या पाच सुवासिनींना उठवून आणलं. माझी बायको त्यात होती. मी तिला नंतर विचारलं, तू गेलीसच कशी? ती म्हणाली, हातात आंब्याचं पान दिल्यावर नाही कसं म्हणायचं?

एक अडचण आली. चाकाचे पाय कुठले? बायकांनी आपसात बोलून ठरवलं की जमिनीला टेकतं ते पाय. मग गुडघे, खांदे आणि कपाळ आपोआप सापडलं. पाचही जणींनी आंब्याची पानं प्रायमरमध्ये बुडवून चारही चाकांना लावलं. गाणी झाली. गाण्यात नवऱ्या मुलीचं नाव घ्यावं लागतं, तिथं त्यांनी गाडीचा नंबर घेतला. माझ्या बायकोच्या बांगड्यांना करडा रंग लागला, तो अजून गेलेला नाही.

लतीफभाई आले आणि अंगणातल्या खाटेवर बसले. पाणी मागितलं. प्यायले. दुसरा तांब्या मागितला. मग उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, आबांच्या लेकीसाठी करतो. त्यांनी टायर झाकले, प्रायमर घासून सपाट केला, चंदेरी रंगाचे तीन पातळ हात फवाऱ्यानं मारले, वर चकाकीचा हात दिला. चाकं अशी झाली की त्यात तोंड दिसावं. शालननं तोंड पाहिलंसुद्धा, आणि हातानं झाकून रडली. महिपती तिच्या शेजारी नुसता उभा राहिला.

लतीफभाईंना शुक्रवारी सकाळी दुसरं काम होतं. त्यांनी महिपतीला समोर बसवून सांगितलं. उद्या दुपारपर्यंत रंग कच्चा आहे. कोणी हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं. आणि पाठवणीच्या आधी गाडीचे सोळाही नट बसवायचे. आधी बोटानं, मग पान्यानं, समोरासमोरचे असे घट्ट करायचे. बोलताना चाकं समोरच होती, म्हणून चाकं लाव असं वेगळं सांगायची त्यांना गरज वाटली नाही. शहाण्या माणसाचं असंच होतं.

महिपती म्हणाला, "ध्यानात राहील."

आता चाकं ठेवायची कुठं? अंगणात पोरं, ओसरीवर पाहुणे, गोठ्यात म्हशी. महिपती चाकं उचलून घरभर फिरला. मधल्या खोलीत वैजयंता रुखवत मांडत होती. रुखवत म्हणजे नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या वस्तूंची मांडामांड. मण्यांचं तोरण, लोकरीचे हत्ती, साखरेचं तुळशीवृंदावन, करंज्यांचं ताट. तिथं पोरांचा गराडा पडला होता आणि वैजयंता ओरडत होती, कोणी हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं.

महिपतीला एकदम हायसं वाटलं. त्यानं चारही चाकं रुखवतात मांडली, दोन हत्तींच्या अलीकडे, दोन पलीकडे. वैजयंता करंज्या मोजत होती. तिनं विचारलं, तर म्हणाला, लतीफभाईंनी सांगितलंय. चांगल्या माणसाचं नाव निघाल्यावर ती पुन्हा करंज्या मोजायला लागली.

शुक्रवारी वऱ्हाड आलं. आबांची गाडी मांडवाबाहेर विटांवर उभी होती. सोनाआत्याला त्या विटा खुपल्या. तिनं गाडीभोवती झेंडूच्या माळांची झालर थेट जमिनीपर्यंत सोडायला लावली, खालचं काही दिसेना. गाडी फार देखणी दिसत होती. रुखवत बघायला वराकडच्या बायका आल्या. तोरणाला नावं ठेवली, करंज्यांना नावं ठेवली, चाकांपाशी मात्र गप्प झाल्या. एकीनं हळूच दुसरीला सांगितलं, गाडी सुट्या भागांत देतायत वाटतं, बाकीची दिवाळसणाला येईल.

अक्षता पडल्या. जेवणं झाली. वराची आई लवकर पुढं निघाली, कारण भटजींनी तिला बजावलं होतं की दिवस मावळायच्या आत घरात माप ओलांडलं गेलं पाहिजे. माप म्हणजे उंबऱ्यावरचं तांदळाचं मापटं, नवी सून ते पायानं लवंडून घरात येते. वऱ्हाडाची बस तिच्या मागोमाग गेली. वैजयंतानं महिपतीला सांगितलं, रुखवत टेंपोत भरा, एकही वस्तू मागं राहता कामा नये.

महिपतीनं मोजून भरलं. चाकांच्या मध्ये गोधड्या घातल्या. टेंपो तीन वाजता गेला. मग तो पाना घेऊन गाडीकडे आला, माळांच्या मागं वाकून शिरला आणि सोळाही नट आधी बोटानं, मग पान्यानं, समोरासमोरचे असे घट्ट करून बाहेर आला. एवढ्यात लतीफभाई पोचले. त्यांनी विचारलं, नट घट्ट केलेस? महिपती म्हणाला, सोळाही. लतीफभाई म्हणाले, शाबास. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला शाबास म्हणालं होतं.

पाठवणी झाली. शालन आधी सोनाआत्याच्या गळ्यात पडली, मग वैजयंताच्या. गाडीच्या दारावर हात ठेवून आबांचं नाव घेतलं, तेव्हा आम्ही पुरुषांनीही डोळे पुसले. नवरा सुहास, शांत स्वभावाचा, तिच्याशेजारी मागं बसला. महिपती स्टिअरिंगवर. त्यानं गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला.

माळांतून पाकळ्या उडाल्या. बायकांना वाटलं, छान सोय केलीय. महिपतीनं दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. गाडी घुमत होती. मागून सुहास म्हणाला, "दादा, मघाचीच लिंबाची फांदी दिसतेय."

महिपतीनं काट्याकडे पाहिलं. म्हणाला, "चाळीसनं चाललोय आपण." आणि चौथा टाकला.

लतीफभाई माळ बाजूला करून खाली वाकले. कितीतरी वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा त्यांनी महिपतीला गाडी बंद करायला सांगितली आणि अगदी हळू विचारलं, "महिपती, चाकं कुठंयत?"

"रुखवतात."

"रुखवत?"

"टेंपोत."

"आणि टेंपो?"

महिपतीनं घड्याळ पाहिलं. "आता सासरी पोचत असेल."

मग लतीफभाई म्हणाले, माझ्या जीपमधून सोडतो पोरीला, वेळेत पोचेल. शालननं मान हलवली. म्हणाली, जाईन तर आबांच्या गाडीतून, नाहीतर इथंच बसते. डिकीत स्टेपनी होती, पण ती एकच. तसली चाकं गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. महिपती खाली उतरला, शालनच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "शालन, चुकलं गं माझं." त्याचा चेहरा बघून ती इतकी हसली की काजळाची भुवई गालावर आली.

तेवढ्यात वराच्या आईचा फोन आला. टेंपो आला होता, ऊन उतरणीला लागलं होतं, आरतीचं ताट हातात जड झालं होतं. सून कुठंय, असं त्या विचारत होत्या. फोन महिपतीनं घेतला. त्यानं सगळं खरं सांगितलं. मग धीर द्यावा म्हणून म्हणाला, "आईसाहेब, चाकं तुमच्याकडे पोचलीत, म्हणजे निम्मं वऱ्हाड पोचलं असं समजा. दिवस मावळायच्या आत माप तेवढं त्यांच्याकडून ओलांडून घ्या."

आता ती बाईही सांगितलेलं तंतोतंत करणारी निघाली. भटजींनी सांगितलेलं, माप ओलांडलं गेलं पाहिजे. कोणी, ते सांगितलेलं नव्हतं. टेंपोवाल्यानं नंतर सांगितलं, एकेक चाक त्यानंच उंबऱ्यावरून घरंगळत आत सोडलं. पहिल्यानंच मापटं लवंडलं. चौथं आत गेलं आणि सूर्य बुडाला. चारही चाकांना ओवाळून देवघरापाशी भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लतीफभाई जीप घेऊन चाकं आणायला गेले, तर बाईंनी दिली नाहीत. त्यांच्याकडची रीत, माप ओलांडून आत आलेलं पाच दिवस बाहेर जात नाही. पाचव्या दिवशी माहेरचा मुराळी येतो, म्हणजे भाऊ, आणि घेऊन जातो. परक्याच्या हाती धाडत नाहीत. लतीफभाई चहा पिऊन परत आले.

पाच दिवस शालन माहेरी राहिली आणि सुहासही राहिला. जावई पाच दिवस सासरी राहिलेला आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिला. पाचव्या दिवशी महिपती मुराळी म्हणून गेला आणि संध्याकाळी टेंपोतून चार चाकं माहेरी घेऊन आला. प्रत्येकाला वरून एक हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं. सोनाआत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

लतीफभाई पाना घेऊन तयारच होते. शालन साडी बदलून, पिशवी घेऊन ओसरीवर उभी होती. सुहासनं बूट घातले होते. लतीफभाईंनी पहिलं चाक उचलायला हात घातला, तर महिपती मध्ये येऊन उभा राहिला.

तो म्हणाला, "भाई, पाच दिवसांनी माहेरी आलीत बिचारी. आल्या पावली लगेच सासरी धाडायची? दोन दिवस राहू देत की."

लतीफभाईंनी पाना खाली ठेवला. शालननं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि पिशवी घेऊन आत गेली. सुहास ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्यानं बूट काढले.